बळी तो कान पिळी, हा न्याय कोणी ठरविला?

यंदा आखाजीच्या आधी आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक तंटा आला. एका विधवा म्हातारीचे दीड एकर रान. शेजारी मातबर बागायतदार. त्याने दरसाल नांगरटीच्या वेळी एकेक तास बांधात घातला. असे करता करता बांध सरकत म्हातारीच्या रानात शिरला, आणि आता जुना बांध कोठे होता हे दाखवावयास एक बाभळीचे खोड तेवढे उरले आहे. “सरकारी मोजणी करा,” एवढेच तिचे मागणे.

यावर एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “माय, तो मोठा माणूस आहे. पूर्वपुण्याई असल्यावाचून देव कोणाला एवढे देत नाही. त्याच्या हातून पाप कसे होईल?” दुसरे म्हणाले, “बारा वर्षे तोच पेरतो, तोच कापतो. आता ती त्याचीच वहिवाट.” म्हातारी पदर सावरून उठली आणि मुकाट्याने घरी गेली. आम्ही शाळामास्तर. मुलांस रोज “खरे बोलावे” म्हणून शिकविणारे. आम्हीही त्या ओट्यावर होतो आणि आम्हीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटली, म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे.

वाचकहो, त्या दोन गृहस्थांच्या दोन वाक्यांत स्थितिप्रिय राजकारणाचा सारा वेदान्त भरलेला आहे. स्थितिप्रिय म्हणजे, जे चालले आहे ते तसेच चालू द्या, असे म्हणणारे. “आमच्या हाती काठी आहे, म्हणून आमचे खरे,” असे हे लोक उघड कधीच म्हणत नाहीत. तसे दरोडेखोर म्हणतो, आणि तेवढ्यापुरता तो प्रामाणिक असतो. स्थितिप्रिय माणूस काठीवर दोन पांघरुणे घालतो. एक प्रारब्धाचे, दुसरे काळाचे. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या गाठी पुण्य, हे पहिले पांघरूण. फार दिवस चालले ते योग्यच असले पाहिजे, हे दुसरे. आजोबाने बळकावले ती लूट, बापाने राखले ती वहिवाट, नातवाने खाल्ले तो हक्क, आणि पणतूने सांगितला तो धर्म! मूळच्या काठीचा पत्ता कोणी विचारू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

जुने तेवढे सगळे वाईट, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सावडीने एकमेकांच्या शेतात राबणे ही जुनीच चाल. आपल्या आज्यांनी गाडग्यात राख घालून जपलेले बियाणे जुनेच. त्यांस कोण नावे ठेवील? आणि जुन्याचा प्रत्येक कैवारी सत्तेचा भाट असतो, असेही नाही. इंग्लंडात एडमंड बर्क नावाचा मुत्सद्दी होऊन गेला. जुन्या संस्था एकाएकी मोडू नयेत, असे सांगणारांचा तो आद्य गुरू. परंतु त्याच बर्कने कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याजवर पार्लमेंटात खटला चालविला. १७८८ पासून १७९५ पर्यंत तो खटला चालला. हिंदुस्थानात सत्ता आपली आहे म्हणून तेथे वाटेल तसे वागण्याचा परवाना मिळत नाही, असे त्याचे सांगणे. हेस्टिंग्ज सुटला. म्हणून बर्कचे म्हणणे खोटे ठरले काय? जुने जपणारा निराळा आणि सत्ता जपणारा निराळा. दुसरा पहिल्याचा अंगरखा घालून हिंडतो, ही खरी अडचण आहे.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. १८१८ साली पेशवाई गेली आणि हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. १८५२ साली सरकारने जमिनीची नवी मोजणी काढली, तेव्हा सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल या बाजूचे शेतकरी हजारोंनी जमून आडवे उभे राहिले. मोजणीपाठोपाठ सारा वाढेल, ही त्यांची भीती. सरकारने लष्कर आणले, पुढाऱ्यांस धरले, जमाव मोडला. मोजणी झाली. त्या दिवशी सत्ता कोणाकडे होती हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून न्यायही तिकडेच होता काय?

पुढे काय झाले पाहा. १९३६ च्या डिसेंबरात त्याच फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. सारा कमी करावा, कुळांस संरक्षण द्यावे, कर्जाचा भार हलका करावा, अशा मागण्यांचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तेथे मंजूर झाला. साऱ्याच्या ज्या धास्तीपायी १८५२ साली आमचे वाडवडील पकडले गेले, त्याच साऱ्याची तक्रार चौऱ्याऐंशी वर्षांनी देशाचे पुढारी मांडवात मांडीत होते. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे तेच होते, गाव तेच होते. बदलली ती ऐकणारांची जागा. सत्ता हेच सत्य असते, तर सत्य असे गाडीच्या बैलासारखे मालक बदलीत फिरले असते काय?

मग १९४८ साली मुंबई सरकारने कूळकायदा केला, आणि १ एप्रिल १९५७ हा कसणाराचा दिवस ठरला. देशभर असे जमिनीचे कायदे होऊ लागले, तेव्हा मोठमोठे जमीनदार कोर्टाच्या पायऱ्या चढले. सरकारास असा अधिकार नाही, म्हणू लागले! अखेरीस १९५१ साली घटनेत पहिली दुरुस्ती करून नववे परिशिष्ट जोडावे लागले, आणि मुंबईच्या कूळकायद्यास त्यात बसवून त्याचे रक्षण करावे लागले. येथे स्थितिप्रियांची कसोटी लागते. राजा म्हणजे विष्णूचा अंश, सत्तेपुढे मान लववावी, हा उपदेश कुळांस पिढ्यान्‌पिढ्या ऐकविला गेला. सत्ता कुळांच्या बाजूस कलली, तेव्हा तो विष्णूचा अंश कोठे गेला? कोर्टात जाण्याचा त्यांस हक्क होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की या लोकांनी सत्तेला कधीच सत्य मानले नाही. स्वतःच्या सत्तेला तेवढे सत्य मानले.

शाळेची गोष्ट आम्हांस विशेष ठाऊक. १९११ साली नामदार गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. सरकारी अंमलदार व बडे जमीनदार एका बाजूस, आणि कुणब्याचे, लोहाराचे, साळ्याचे पोर दुसऱ्या बाजूस. त्या पोरास मत कोठले? ३८ हात वर झाले म्हणून त्यास अडाणी ठेवणे धर्म ठरले काय? महात्मा जोतीराव फुले यांनी तर १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे सांगून ठेविले होते, की सारा रयत भरते आणि विद्या वरचे वर्ग घेतात. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१७ साली शिक्षण सक्तीचे केले. साऱ्या देशात मुलांच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने अमलात यावयास २०१० साल उजाडले. जे १९१२ साली हरले ते खरे होते, आणि जे जिंकले ते खोटे होते.

परंतु वाचकहो, बोट दुसऱ्याकडे दाखविणे सोपे असते. आता आपल्याच घरात दिवा लावून पाहू. शेटजी-भटजींनी आमच्या मानेवर जू ठेविले, असे आम्ही सभांतून ओरडतो, आणि ते खोटे नाही. पण ज्या दिवशी पाटीलकी आमच्या हाती होती, त्या दिवशी गावच्या महारास रात्री-अपरात्री वेठीला कोण पिटाळीत होते? “चालत आले आहे” हेच तेव्हा आमचेही उत्तर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली महार वतनाबद्दलचे बिल मुंबईच्या कायदेमंडळात आणले. ती वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल यावे लागले. या तीस वर्षांत आमच्यापैकी कितीजण त्यांच्या बाजूस उभे राहिले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

आणि शहाद्याकडे पाहा. तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेथल्या भिल्ल बांधवांच्या जमिनी कर्जाच्या कागदांवर अंगठे घेऊन गेल्या. जमीन गेली आणि मालक होता तो आपल्याच रानात सालदार झाला. मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली हत्यारबंद राखणदार ठेविले. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीस आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या व एकाचा प्राण गेला. अंबरसिंग सुरतवंती यांनी आणि पुढे श्रमिक संघटनेने त्या लोकांस उभे केले. मग आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळण्याची वाट त्याने खुली केली. त्या बागायतदारांत भटजी किती होते? ते आमच्यासारखेच नांगर धरणारांचे वंशज होते. पाटाचे पाणी आले, ऊस आला, पैसा आला, आणि पैशापाठोपाठ “पूर्वपुण्याई” आली! काल ज्या वाक्याने आमचे कान पिळले, तेच वाक्य आज आम्ही भिल्लास ऐकवावे, याहून मोठी गुलामगिरी कोणती?

आपल्या घरातील बायाबापड्या आम्हां शिकलेल्यांहून शहाण्या आहेत. दिवाळीच्या पाडव्यास त्या ओवाळताना कोणाचे राज्य मागतात? बळीचे! बळीराजा हरला. त्यास पाताळात घातले. सत्ता वामनाकडे गेली. सत्ता तेथे न्याय, हा हिशेब खरा असता, तर शेतकऱ्याने त्या दिवशी जिंकणाराचा जयजयकार केला असता. पण कोणी राजाने सांगितले नाही, कोणी पोथीने बजावले नाही, तरी आमची माय हरलेल्या राजाचे राज्य परत मागते, कारण तो न्यायी होता असे तिने आपल्या मायकडून ऐकले आहे. हीदेखील जुनीच चाल. ही मात्र आम्ही प्राणापलीकडे जपू.

तेव्हा येथून पुढे कोणी “तो मोठा माणूस, त्याचे कसे चुकेल?” म्हणाला, तर त्यास एवढेच विचारावे: दादा, हाच बांध त्या म्हातारीने कोरला असता, तर तुम्ही तिची पूर्वपुण्याई सांगितली असती काय? जो नियम दुबळ्याच्या हाती देताच मोडतो, तो न्याय नव्हे.

त्या बारा वर्षांच्या वहिवाटीबद्दलही दोन शब्द. मुदतीच्या कायद्यात बारा वर्षांचा नियम आहे खरा. पण ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काविरुद्ध होता, हे शाबीत करण्याचा बोजा ताबा सांगणारावर असतो. ओट्यावर कोणी तोंडाने म्हटले म्हणजे दुसऱ्याचे रान आपले होत नाही. ज्याचा बांध सरकला असेल, त्याने सातबारा व नकाशा काढून भूमी अभिलेख कचेरीत मोजणीचा अर्ज करावा. गंमत अशी, की ज्या मोजणीस १८५२ साली आमचे पूर्वज आडवे आले, तिचाच आज गरिबास आधार आहे. हत्यार कोणाच्याही हाती जाते. ते कोणासाठी चालवावयाचे, हे आपण ठरवावयाचे.

असो. त्या म्हातारीचा अर्ज आम्ही परवा लिहून दिला. तिने अंगठा उठविला नाही. पाच वर्षांच्या नातीने शाळेत गिरविलेली अक्षरे पाहून तीही आपले नाव लिहावयास शिकली आहे. मोजणीच्या दिवशी बांधावर पंच म्हणून उभे राहावयास माणसे हवी आहेत. आम्ही जाणार आहोत. त्या दिवशी ओट्यावर आमच्यासारखे गप्प बसलेले जे जे कोणी होते, त्यांनीही यावे.