हाती पिपेट द्या

बीएस्सीचे निकाल लागले की बायोकेमिस्ट्रीच्या एमएस्सीसाठी धावपळ सुरू होते. दोन वर्षे, चार सत्रे. या पदवीने काय साधते आणि काय साधत नाही, हे प्रवेशाच्या खिडकीवर क्वचितच कोणी सांगते.

पहिली गल्लत होते ती वैद्यकीय एमएस्सीशी. तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वैद्यकीय महाविद्यालयातला. विज्ञान शाखेची पदवी त्याच्या जागी चालत नाही. दुसरी गल्लत लॅबची. रक्तनमुने तपासणे, यंत्रांची अचूकता राखणे ही कामे बायोकेमिस्ट करतो. अहवालावर सही मात्र पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर डॉक्टरची हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. स्वतःची लॅब थाटायची उमेद बाळगणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळले पाहिजे.

मोकळ्या वाटाही आहेत, आणि त्या भक्कम आहेत. अन्न सुरक्षा व मानके कायद्यातल्या ‘अन्न विश्लेषक’ पदासाठी ही पदवी चालते. त्यापुढे अन्नतपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि पात्रता परीक्षा. दुधापासून मसाल्यापर्यंत भेसळ बोकाळलेल्या काळात या पदाचे मोल मोठे आहे. लस आणि औषध कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण (क्यूसी) विभागांत एलायझा, एचपीएलसी ही तंत्रे येणारी माणसे लागतात. संशोधनाची ओढ असेल तर सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळते, महिना ३७,००० रुपये. पुण्यात एनसीएल, एनसीसीएस, आघारकर आणि खारघरला अ‍ॅक्ट्रेक अशा नामांकित संशोधन संस्था घराजवळच आहेत. प्राध्यापकीची वाट सर्वांत खडतर. नेट-सेट होऊनही अनेकांच्या नशिबी वर्षानुवर्षे तासिका तत्त्वच येते, ही सरकारने ओढवून घेतलेली नामुष्की आहे.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. बायोकेमिस्ट कमला सोहोनी यांना बाई म्हणून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. तिथे त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. त्यांचे विज्ञान गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचले, कारण ते प्रयोगशाळेत हाताने घडले होते.

नेमकी हीच गोष्ट आज अनेक विभागांत हरवते. एका उपकरणाभोवती वर्ग गोळा होतो, एकजण पिपेट धरतो आणि बाकीचे जर्नल उतरवतात. मुलाखतीत ‘हे स्वतः केले आहे का?’ असे विचारले की जर्नल उतरवणारा विद्यार्थी गप्प होतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने एमएस्सीत ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प आणले, हे स्वागतार्ह आहे. पण रसायनांसाठी निधी आणि मार्गदर्शनासाठी पूर्णवेळ शिक्षक नसतील तर तो प्रकल्प कॉपी-पेस्टचा कागद ठरेल. विद्यापीठांनी कंपन्या व संशोधन संस्थांशी करार करून प्रत्येक विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत सलग एक सत्र मिळवून द्यावे. मागच्या बॅचची मुले कुठे लागली, किती पगारावर आणि किती अजून घरी आहेत, याची यादी प्रवेश अर्जासोबतच छापावी.