मृग लागायच्या आत खाडीची वही सुरू करू या

खाडीपट्ट्यातल्या सर्वांना,

मृग तोंडावर आला आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की आठ महिने ओढ्यांत, गटारांत, कारखान्यांच्या नाल्यांत साचलेलं सगळं एका दमात वाशिष्ठीत आणि जगबुडीत उतरतं आणि तिथून दाभोळच्या खाडीत येतं. त्या दोन-तीन दिवसांत मासे मरून किनाऱ्याला लागतात, हे आपण एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. या खेपेला तसं काही होण्याआधी आपल्या हातात लेखी काहीतरी असलं पाहिजे. गोवळकोट, मालदोली, करंबवणे, परचुरी, दाभोळ, वेलदूर अशा प्रत्येक धक्क्यावर पाण्याची एक वही हवी, आणि ती रोज लिहिणारी माणसं हवीत. त्यासाठी हे आवाहन.

वहीच का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पहाटे मी सुकतीच्या वेळी धक्क्यावर होतो. बोई पाण्यावर तोंड काढून आ वासत होती. चिंबोऱ्या चिखल सोडून दगडांवर चढल्या होत्या. तळाचा जीव असा वर येतो, तेव्हा खाली पाण्यात श्वास उरलेला नसतो. उजाडेपर्यंत शिंगाळे उताणे पडू लागले. आम्ही फोन केले. नमुना घ्यायला माणसं आली ती दुपारी, पाणी चढल्यावर. बाटली भरली, पाणी स्वच्छ. पुढे अहवाल आला, सगळं मर्यादेत. अहवालात खोटं काही नव्हतं. सकाळचं पाणी समुद्रात गेलं होतं आणि त्यांनी मोजलं ते समुद्रातून आलेलं दुसरंच पाणी होतं.

आपली सगळी अडचण इथे आहे. घाटावरून पूर्वेला गेलेल्या गोदावरी-कृष्णा समुद्राजवळ फाटे फुटून त्रिभुज प्रदेश करतात. आपल्या नद्या आखूड, त्यांच्या मुखाशी समुद्रच आत शिरतो. दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती. त्यात आपल्या खाडीत आणखी एक पाणी आहे, कोयनेचं. पोफळी आणि कोळकेवाडीला वीज तयार करून सोडलेलं गोडं पाणी वाशिष्ठीतच येतं. कोयनेचं पाणी पश्चिमेकडे वळवण्याची मर्यादाच वर्षाला ६७.५ टीएमसी आहे, यावरून अंदाज करा. विजेची मागणी वाढली की जनित्रं फिरतात आणि खाडीचा खारेपणा उतरतो. ती थांबली की खारं पाणी वर सरकतं. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा, कुठल्यातरी तासाला भरलेली बाटली काय सांगणार? वेळ, तिथी आणि पाण्याची दिशा लिहिलेली नसेल, तर तो आकडा असून नसल्यासारखा.

आणि ही वेळ आपल्याइतकी कोणाला कळते? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो, अष्टमीला सहा, हे खाडीवरच्या पोरालाही ठाऊक असतं. पाग टाकणाऱ्या भोयाला पाण्याचा वास बदललेला आधी कळतो. हे ज्ञान आजवर कोणी कागदावर मागितलं नाही, इतकंच.

वहीत काय लिहायचं? तारीख, तिथी, वेळ, भरती की सुकती, पाण्याचा रंग, वास, फेस, जाळ्यात काय आलं, काय मेलं. नोंद शक्यतो पहाटेची हवी. रात्रभर पाण्यातले सगळे जीव प्राणवायू घेतात, शेवाळ उजेडाशिवाय तो देत नाही, म्हणून उजाडताना तो सर्वांत कमी असतो.

आठवड्यातून एकदा प्राणवायू मोजायचा. काचेची बुचाची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेटचे आणि अल्कली आयोडाइडचे थेंब सोडायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो. साका पांढरा राहिला, तर पाणी मेलेलं आहे. तो पांढरा साका मी एकदाच पाहिला आहे, पुन्हा पाहायची इच्छा नाही. नेमका आकडा प्रयोगशाळेत काढावा लागेल. चिपळूण, गुहागर, दापोलीच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनो, इथे तुमच्यावाचून अडतं. कालवं, शिंपल्या जिथे वाढतात त्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा आपल्याकडचा निकष आहे. ही रसायनं हात पोळणारी आहेत. हातमोजे घाला आणि मुलांच्या हाती देऊ नका.

आपली बाटली कोर्टात पुरावा म्हणून उभी राहणार नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. पण कोणत्या धक्क्यावर, कोणत्या सुकतीला या, हे आपण वही दाखवून सांगू शकतो. जुने अहवाल माहितीच्या अधिकारात मागा आणि वहीशी ताडून पाहा. तीन धक्क्यांच्या वह्यांत एकाच पहाटे एकच वास लिहिलेला असला, तर तो उडवून लावणं सोपं जाणार नाही.

दोष फक्त वरच्या अंगाचा नाही, हेही बोललं पाहिजे. रात्री मैल्याचा टँकर पऱ्ह्यात रिकामा करणारे आपल्याच गावातले असतात. ब्लीचिंग पावडर टाकून डोहातले मासे धरणारेही आपलेच. त्यांना आजच अडवा. वहीत आपली पानं वगळायची नाहीत.

मासे मेलेले दिसले तर ते खाऊ नका, विकू नका, कोंबड्या-डुकरांनाही घालू नका. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या मावश्यांना मुद्दाम सांगतो, एका दिवसाचं नुकसान सोसा. एकाला बाधलं तर महिनाभर खाडीचं मावरं कोणी घेणार नाही. आधी फोटो काढा, वेळ लिहा, बाटली भरा, मगच फोन करा.

आपलं नाव गावच्या मच्छीमार सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत द्या. एका धक्क्याला चार माणसं पुरतात. दोन खाडीवर जाणारी, एक लिहिणारं, एक गाडीवरून बाटली पोचवणारं. शाळेतल्या मुलींनी लिहिण्याचं काम घेतलं तर फारच चांगलं. पहिली नोंद येत्या अमावस्येला, पहाटेच्या सुकतीला, सगळ्या धक्क्यांवर एकाच दिवशी. पाणी दाभोळला आधी तळाला जाईल, गोवळकोटला उशिरा. तेव्हा वेळ ज्याची त्याने आपल्या धक्क्यावर पाहून लिहायची. बाटल्या आणि वह्या आदल्या संध्याकाळी पोचत्या करतो.