पाण्याचे विरजण

‘आनंदावर विरजण पडले’ असे आपण सर्रास म्हणतो. विरजणासारख्या गुणी पदार्थाने मराठी माणसाचे असे काय बिघडवले होते, ते मला आयुष्यभर कळले नाही. गेल्या वर्षी मात्र आमच्या घरातल्या एका काचेच्या टाकीने या शब्दाचे दोन्ही गुण आम्हांला दाखवले. त्याचीच ही हकिकत.

पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून पाणी अडवले आणि तिथून भुयारी नळाने ते शहरातल्या हौदांपर्यंत नेले. पाणी कात्रजहून पेठेत गेले. आम्ही उभयता मात्र पेठेतून कात्रजला आलो, कारण चिरंजीवांनी इकडे जागा घेतली. सोबतीला सात वर्षांची नात. तिने गणपतीच्या आधी हट्ट धरला, “आजोबा, मला मासे हवेत.” नातीच्या हट्टापुढे भल्याभल्यांची पेन्शन टिकत नाही. मी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी आणली. दुकानदाराने सांगितले, “पाणी भरा आणि लगेच सोडा.” हरतालिकेच्या संध्याकाळी आठ गोल्डफिश आमच्या दिवाणखान्यात पोहू लागले. नातीने आठांचीही नावे ठेवली.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधट दिसू लागले. मला वाटले, घाण झाली. मी हौसेने सगळे पाणी उपसले, नळाचे ताजे पाणी भरले आणि गाळणीचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र धुतला. सौभाग्यवतींनीसुद्धा कौतुक केले. मी घरात काही धुतल्याचा तो पहिलाच प्रसंग. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले, त्यांचे कल्ले लालभडक दिसू लागले. गौरी गेल्या त्या दिवशी पहिला मासा गेला. अनंत चतुर्दशीच्या सकाळी आठवा.

विसर्जनाहून परत येताना नातीने माझे बोट धरले आणि विचारले, “आजोबा, बाप्पा पुढच्या वर्षी येतो. मासे येतील का?” थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, “तुम्ही त्यांचं पाणी बदललंत ना, म्हणून गेले.” मी तिची समजूत घालायला तोंड उघडले, पण शब्द सुचेना. कारण पोरीचे बोलणे अर्धे खरे होते, आणि उरलेले अर्धे मला ठाऊक नव्हते.

रविवारी तिला प्राणिसंग्रहालयात नेले. तिथल्या आवारातच कात्रजचा तलाव आहे. काठावर उभी राहून तिने विचारले, “या तळ्याचं पाणी कोण बदलतं?” मी म्हणालो, “कुणीच नाही.” “मग इथले मासे कसे जगतात?” पेशव्यांचा इतिहास मला तोंडपाठ होता, या प्रश्नाचे उत्तर मात्र येत नव्हते.

ते दिले वरच्या मजल्यावरच्या सरांनी. ते आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि गेली कित्येक वर्षे मासे पाळताहेत. ते म्हणाले, “मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजली की आणखी अमोनिया होतो. तो माशाला विष आहे, कल्ले जाळतो. तळ्यात दगडांवर, गाळावर, वनस्पतींवर सूक्ष्म जंतू बसलेले असतात. एक जात अमोनिया खाऊन त्याचा नायट्राइट करते. तोही वाईटच, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते. मग दुसरी जात त्या नायट्राइटचा नायट्रेट करते. नायट्रेट बेताचा असला तर मासे सोसतात, आणि वनस्पतींना तर तो खतच. तुमच्या टाकीत हे जंतू नव्हते, आजोबा. आठ माशांची घाण होती आणि ती उचलायला झाडूवाला एकही नव्हता. जे चार बसू लागले असतील, ते तुम्ही नळाखाली धुतलेत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तर जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं!”

हे जंतू रशियन शास्त्रज्ञ विनोग्रादस्की याने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. शंभर वर्षे लोटली तरी शोध संपला नव्हता. घरगुती टाकीत दुसरे काम नायट्रोस्पायरा नावाचे जंतू करतात, हे १९९८ साली उजेडात आले. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच, की हे जंतू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजला, खड्यांना, काचेला चिकटून राहतात. त्यांची वाढही सावकाश असते. म्हणून नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी आम्ही टाकी पुन्हा भरली. या वेळी पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडे ठेवले, म्हणजे क्लोरीन उडून जाते; शिवाय क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंबही टाकले. गाळणी रात्रंदिवस चालू ठेवली, कारण या जंतूंनाही प्राणवायू लागतो. मासे नव्हतेच. तरी नात रोज शाळेत जाण्यापूर्वी माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात टाकी, म्हणजे ते कुजून अमोनिया व्हावा. रिकाम्या टाकीला जेवण वाढताना पाहून येणारे-जाणारे हसत. आमच्या सौभाग्यवती म्हणत, “हसू नका. पितृपक्षात न दिसणाऱ्यांनाच वाढायचं असतं.”

तपासणीची छोटी पेटी आणली होती. नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. घटस्थापनेला अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅमवर पोचला आणि तिथेच बसला. नायट्राइटचा पत्ता नाही. देवघरातल्या घटात धान्य पेरले गेले, चार दिवसांत हिरवे कोंब आले; टाकीत काहीच दिसेना. नातीचा धीर सुटला. “आजोबा, यात कुणी येणारच नाही.”

तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, दूध नुसतं तापवून ठेवलं तर दही लागतं का? वरच्या सरांकडून विरजण आणा की!”

मी चकित झालो. सरही चकित झाले, म्हणाले, “चाळीस वर्षं शिकवलं, पण इतकं सोपं करून सांगता आलं नाही.” त्यांनी आपल्या जुन्या टाकीच्या गाळणीतला स्पंजाचा एक तळकट तुकडा कापला आणि त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, ओलाच दिला. नात कात्रजच्या तलावाचेच पाणी आणू म्हणत होती. सरांनी नको म्हटले. त्याबरोबर रोग आणि कृमी येतात. विरजणसुद्धा निरोगी घरचेच हवे.

दसऱ्याला पहिल्यांदा नायट्राइटचा जांभळा रंग दिसला आणि नातीने सोन्याआधी मला ती नळी आणून दिली. कोजागिरीला अमोनिया शून्य. नायट्राइटने मात्र अंत पाहिला. तो उतरला थेट वसुबारसेला. मग कसोटी घेतली. दुप्पट खाणे टाकून पाहिले. पुढचे दोन दिवस दोन्ही शून्यच. साचलेला नायट्रेट घालवण्यासाठी निम्मे पाणी बदलले. आता टाकी तयार होती.

पाडव्याच्या सकाळी नातीने तीन मासे सोडले. तीनच! गोल्डफिश नव्हे; ते मोठे होतात, घाणही फार करतात. आमच्या इथे बोअरचे जड पाणी मिसळते, ते गप्पींना मानवते, म्हणून गप्पी. पिशवी आधी पंधरा मिनिटे टाकीत तरंगत ठेवली, मग थोडे थोडे पाणी मिसळले. एकदम गर्दी केली तर जंतूंना काम झेपत नाही, म्हणून पुढचे मासे तीन आठवड्यांनी. अर्थात गप्पींना हा नियम मान्य नव्हता. त्यांनी आपली सोय आपणच केली. आज टाकीत तेरा आहेत, आणि सहा आम्ही सरांना परत केले, व्याजासह.

पुढचे नियम थोडेच आहेत. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे, सगळे कधीच नाही. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलक्या हाताने पिळावा. वीज बराच वेळ गेली तर गाळणीतले जंतू गुदमरतात, म्हणून ती आल्यावर पाणी तपासावे. खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

या दिवाळीत नातवंडांना टाकी द्यायची असेल तर जरूर द्या. मात्र टाकी पाडव्याला आणि मासे दत्तजयंतीला. मधल्या दीड महिन्यात मूल रुसेल, विचारील, रोज रिकाम्या पाण्यात डोकावेल. डोकावू द्या. पहिल्या आठांची नावे आमच्या नातीने पुन्हा कुणालाही दिलेली नाहीत, पण घरी कुणी नवी टाकी घेतल्याचे सांगू लागले, की ती आधी विचारते, “विरजण लावलंत का?”

आणि लावले नसेल, तर आमच्याकडे आहे. ओले फडके आणि डबा घेऊन या.