‘गुळाची आहे’ म्हणून सूट नाही

दसऱ्याला परभणीकडच्या घरांत पुरणपोळी आणि कटाची आमटी हवीच. मधुमेह असलेल्या आजोबांच्या ताटातही ‘गुळाचीच आहे, काही होत नाही’ म्हणत दुसरी पोळी वाढली जाते. हा समज महागात पडतो. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, गुळात सुमारे ३८०. गुळाचा मोठा भाग साखरच असल्याने रक्तातील साखर त्यानेही वाढते. वर गव्हाच्या पिठाची भर असतेच. मधुमेहींना सणाच्या ताटावरून उठवू नये, पण अर्धी पोळी पुरे. तिच्याबरोबर भाजी, कोशिंबीर, गूळ न घातलेली आमटी घ्यावी, भात टाळावा. औषधाची वेळ चुकवू नये. आग्रह करायचाच तर आमटीचा करावा, पोळीचा नको.