गंधाची उमेदवारी

फोंडे तालुक्यातील एका तरुणाचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या टपालात आले. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला हा तरुण नोकरीच्या अर्जांना कंटाळला आहे आणि त्याला अत्तर करण्याची विद्या शिकावयाची आहे. साठवलेल्या पैशांतून त्याने परगावाहून तीसचाळीस लहान कुप्यांची एक पेटी मागविली, थेंब मोजून मिश्रणे केली आणि चार महिन्यांच्या खटपटीनंतर त्याच्या हाती जे आले त्यास, त्याच्याच शब्दांत सांगावयाचे तर, साबणाच्या दुकानात औषधाची बाटली फुटावी तसा वास येत होता. घरातील वडील मंडळी हसली. शिकूनसवरून अत्तरवाला होणार काय, असेही कोणी विचारले. पत्राच्या शेवटी त्याने आम्हांस दोनच प्रश्न केले आहेत. ही विद्या शिकता येते की ती जन्मजात नाकावर अवलंबून असते? आणि शिकता येत असेल तर गोव्यातील मुलाने जावे कोठे?

अशी पत्रे एरवी पत्रव्यवहाराच्या सदरात छापून आम्ही मोकळे होतो. हे पत्र अग्रलेखाच्या जागी घेतले याचे कारण असे की, त्यातील दुसरा प्रश्न एका तरुणापुरता नाही. ज्या भूमीत फाल्गुन-चैत्रात सुरंगीच्या वळेसरांनी बाजार दरवळतात, ओवळांच्या माळा सुकल्यावरही कपाटातील लुगड्यांत वर्षभर जपल्या जातात आणि म्हार्दोळच्या महालसा देवस्थानात जायांची पूजा हा एक स्वतंत्र उत्सवच असतो, त्या भूमीतील मुलास सुगंधाची विद्या शिकण्यासाठी पत्ता विचारावा लागतो, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते.

प्रथम त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. नाक हे डोळ्याकानांसारखेच एक इंद्रिय आहे आणि गवयाचा कान जसा रियाजाने तयार होतो, तसे गंध्याचे नाकही अभ्यासाने तयार होते. या इंद्रियाची आपण सर्वांत अधिक उपेक्षा करतो. २०२० व २०२१ सालच्या साथीत असंख्य माणसांचे घ्राणेंद्रिय काही काळ निकामी झाले, तेव्हा कुठे भाताच्या वाफेला आणि पावसाच्या पहिल्या सरीला वास असतो याची अनेकांस नव्याने ओळख पटली. ज्यांचा वास उशिरा परतला, त्यांना लवंग, लिंबू, गुलाब अशा ओळखीच्या वस्तू रोज सकाळ-संध्याकाळ लक्षपूर्वक हुंगण्याचा सराव डॉक्टरांनी सांगितला. नाकाला शिकविता येते, याचा याहून निराळा पुरावा कशाला हवा?

आमच्या पत्रलेखकाची चूक नाकाची नव्हती, क्रमाची होती. त्याने बाराखडी गिरविण्याआधी कविता लिहावयास घेतली. फ्रान्समधील ग्रास या गावी सुगंधाचा व्यापार कातड्याच्या हातमोज्यांना वास लावण्यापासून सुरू झाला. तेथील एका पेढीने १९४६ साली आपली शाळा काढली, तेव्हा तिचे आचार्य झाँ कार्ल यांनी विद्यार्थ्यांस प्रथम मिश्रण करू दिले नाही. एकेक द्रव्य वेगळे हुंगावयाचे, परस्परविरोधी द्रव्ये शेजारी ठेवून त्यांतील भेद ओळखावयाचा आणि ते सर्व स्मरणात साठवावयाचे, हा पहिला पाठ. मग दोनच द्रव्ये निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून पाहावयाची. तिसऱ्याची पाळी त्यानंतर. या पद्धतीचे मर्म साधे आहे. द्रव्ये एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबू-संत्र्याचे तेल कागदाच्या पट्टीवर फार तर काही तास टिकते, फुलांचा वास त्याहून अधिक रेंगाळतो आणि चंदन, वाळा, पाच ही द्रव्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही बोलत असतात. चांगल्या अत्तरात एक वास उतरू लागताच दुसऱ्याने तो सावरावा लागतो. ज्याने प्रत्येक द्रव्याची चाल पाहिलेली नाही, त्याच्या कुपीत सर्वजण एकाच वेळी ओरडतात आणि मग औषधाची बाटली फुटल्यासारखे होते.

म्हणून आमचे त्या तरुणास सांगणे असे की, चाळीस कुप्यांपैकी तीस बंद करून ठेवाव्यात. उरलेल्या दहा द्रव्यांचे दहास एक या प्रमाणात सौम्य द्रावण करून रोज दोन-दोन पट्ट्या हुंगाव्यात आणि तत्क्षणी काय वाटले, तासाने काय वाटले, दुसऱ्या सकाळी काय उरले, हे वहीत लिहावे. थेंब मोजू नयेत, कारण दाट तेलाचा थेंब आणि पातळ तेलाचा थेंब सारखा नसतो. बारीक काटा घ्यावा आणि वजन करावे. वजन लिहिले नाही तर साधलेले मिश्रण पुन्हा कधीच साधत नाही. शुद्ध तेल कातडीवर थेट लावू नये. दालचिनीच्या सालीचे तेल अंग पोळविते आणि लिंबाच्या जातीची काही तेले लावून उन्हात गेल्यास कातडीवर डाग उठतात. मद्यार्काच्या बाबतीत अबकारी खात्याचे नियम पाळावेत आणि स्वस्त मिळते म्हणून मेथिलयुक्त विषारी द्रव्यास हात लावू नये. ही सावधगिरी कोणी सांगितली नसेल, तर त्या कुप्या विकणाऱ्याने आपले काम केले नाही असेच म्हणावे लागेल.

आता दुसरा प्रश्न. जावे कोठे? आपल्या देशात या विद्येचे माहेरघर उत्तर प्रदेशातील कनौज. तेथे केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९९१ साली सुगंध व सुरस विकास केंद्र स्थापन केले आणि नवशिक्यांसाठी तेथे अल्प मुदतीचे वर्गही चालतात. त्या तरुणाने तेथे अवश्य जावे. पण वर्गात बसण्याइतकाच वेळ त्याने तेथील जुन्या कारखान्यांत उभे राहून काढावा. तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालतात, झाकण माती व कापसाने लिंपून बंद करतात आणि वेळूच्या नळीने, जिला तेथे चोंगा म्हणतात, वाफ भपक्यात नेतात. भपका हे लांब मानेचे तांब्याचे पात्र थंड पाण्याच्या हौदात बसविलेले असते आणि त्याच्या तळाशी चंदनाचे तेल असते. फुलांचा वास वाफेबरोबर येतो आणि चंदन तो धरून ठेवते. जाळ किती ठेवावा, भपका कधी बदलावा, हे कारागीर पात्राला हात लावून ओळखतो. खाली उतरलेले पाणी पुन्हा डेगेत घालून, रोज ताजी फुले घेऊन हेच कर्म अनेक दिवस चालते. भाजलेल्या मातीतून पहिल्या पावसाचा वास काढण्याची करामतही हेच लोक करतात.

हे वर्णन वाचून गोव्यातील कोणत्याही खेडुतास काय आठवेल? आपली काजूची भट्टी! तांब्याचे भाण, त्याचे मातीने लिंपलेले तोंड, मधली नळी आणि लावणीच्या मडक्यावर सतत ओतले जाणारे थंड पाणी. डेग म्हणजे भाण, चोंगा म्हणजे नळी, भपका म्हणजे लावणी. एका ठिकाणी गुलाब चढतो, दुसऱ्या ठिकाणी आंबलेला काजूचा रस चढतो, एवढाच भेद. हुर्राक कधी उतरला आणि फेणीसाठी पुन्हा कधी चढवावा, जाळ कोठे मंद करावा, हे जाणणारी माणसे सत्तरी, सांगे, काणकोण येथे आजही आहेत. २००९ साली काजू फेणीस भौगोलिक ओळख मिळाली, तेव्हा आपण पेयाचा गौरव केला. त्यामागे असलेल्या ऊर्ध्वपातनाच्या विद्येचा आपण अजून विचारही केलेला नाही. ही भट्टी वर्षातील दोन-तीन महिने पेटते आणि उरलेला काळ थंड असते. भाण निराळे ठेवून, त्याच हातांनी वाळा, तुळस, गवती चहा, दालचिनीची पाने यांचे तेल काढावयास काय अडचण आहे?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सर्वच फुले जाळाला मानवत नाहीत. कनौजात मोगराही डेगेत चढतो हे खरे. परंतु जाई-मोगऱ्याचा नाजुक वास उष्णतेने बदलतो. ही फुले खुडल्यावरही काही तास आपला गंध सोडीत राहतात. म्हणून पूर्वी धुतलेल्या तिळांचा थर व फुलांचा थर एकावर एक देऊन, फुले रोज बदलून, अखेरीस ते तीळ घाण्याला लावीत. त्यासच फुलेल म्हणत. ग्रासमध्ये तिळाच्या जागी चरबी वापरीत, तत्त्व एकच. हा प्रयोग फोंड्यातील कोणाही घराच्या ओसरीवर दोन शेर तिळांत करता येईल. ज्याला शिकावयाचे आहे त्याने हा पहिला वसा घ्यावा. त्यास परवाना लागत नाही आणि जाळही लागत नाही.

अत्तराची विद्या परप्रांतीय किंवा परदेशी आहे, असा समज असेल तर तोही सोडावा. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधयुक्तीस एक स्वतंत्र अध्याय दिला. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात गंध आणि धूप यांच्या कृती आहेत. गंगाधराचा गंधसार आणि अज्ञात लेखकाचा गंधवाद हे दोन ग्रंथ पुण्याचे संशोधक प. कृ. गोडे यांनी उजेडात आणले आणि पुढे ते बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने प्रसिद्ध केले. त्यांपैकी गंधवादावर जुनी टीका आहे ती मराठीत! भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन अशा क्रिया नावानिशी सांगणारी परंपरा आपल्या ग्रंथालयांत पडून आहे. आणि आपल्या गोव्यातच १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याने छापविलेल्या संवादांत चंदन, कापूर, ऊद, अगरू व अंबर यांची चर्चा आहे. म्हणजे साडेचार शतकांपूर्वी या बंदरात सुगंधी द्रव्यांची पारख करणारे लोक होते. आज आपण बाटलीवरील परदेशी नाव वाचून वास चांगला की वाईट ते ठरवितो.

रसायनशाळेत तयार होणाऱ्या गंधद्रव्यांविरुद्ध आमचा आक्षेप नाही. १८६८ साली पर्किनने कुमारिन तयार केले, १८७४ साली व्हॅनिलिन आले, १८९३ साली व्हायोलेट फुलांचा वास देणारे आयोनोन आले आणि एके काळी केवळ धनिकांस परवडणारे सुगंध सामान्यांच्या घरी पोहोचले. आक्षेप आहे तो खोट्या चिठ्ठीला. एक किलो गुलाबतेलास सुमारे साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. ज्यास हा हिशेब ठाऊक आहे, त्याला देवळाबाहेर पन्नास रुपयांस मिळणाऱ्या ‘अस्सल गुलाब’ अत्तराची किंमत समजावून सांगावी लागत नाही. चंदनाची स्थिती याहून दुःखद. झाडाच्या गाभ्यात तेल भरावयास वर्षानुवर्षे जातात, तोड मात्र एका रात्रीत होते. १९९८ पासून हा वृक्ष संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत आहे. चंदन महागले म्हणून अनेक ठिकाणी भपक्याच्या तळाशी पातळ पॅराफिन आले आणि चिठ्ठीवर ‘चंदन’ तसेच राहिले. नवशिक्याने पहिल्या दिवसापासून एक व्रत घ्यावे: जे घातले तेच कुपीवर लिहावे. नाकाला फसविता येते, पण फसविलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

अखेरीस, हे सारे त्या एका तरुणाच्या खांद्यावर टाकून आम्ही स्वस्थ बसू इच्छीत नाही. ग्रासच्या सुगंधविद्येस २०१८ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. त्या मान्यतेत फुलांची लागवड, द्रव्ये काढण्याची विद्या आणि मिश्रणाची कला या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. फूल पिकविणारा, भट्टी लावणारा आणि कुपी भरणारा ही एकच साखळी आहे. आपल्याकडे तिचे पहिले टोक म्हार्दोळच्या जायांच्या मळ्यांत आणि सुरंगीखाली पहाटे उभ्या राहणाऱ्या बायांच्या परड्यांत आहे. शेजारच्या वेंगुर्ले तालुक्यात सुरंगीच्या कळ्या वाळवून बाहेरच्या व्यापाऱ्यांस विकल्या जातात. कळी आपली, कष्ट आपले आणि पुढचा सारा नफा दुसऱ्याचा, असा हा व्यवहार किती दिवस चालावयाचा?

सरकारने यासाठी मोठा कारखाना काढावा असे आम्ही म्हणत नाही. एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तांब्याची एक डेग, एक काटा आणि शंभर द्रव्यांचे एक कपाट एवढ्यावर सहा महिन्यांचा वर्ग सुरू होऊ शकतो. त्यात कनौजचा एक कारागीर आणि सत्तरीचा एक भट्टीवाला, दोघांनाही शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावे. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने सुगंधी फुलांच्या लागवडीचा सल्ला द्यावा. फुले विकणाऱ्या बायांच्या मुलींना त्या वर्गात पहिली जागा मिळावी. फूल कोणत्या घटकेला खुडले असता अधिक दरवळते, हे त्यांना कोणी शिकवावयाचे नाही.

आणि त्या तरुणाने? त्याने वडिलांच्या हसण्याचा राग धरू नये. ज्या घरात सणासुदीला पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावण्याची रीत आहे, त्या घराने अत्तर करणाऱ्यास हलके लेखावे, हा दोष त्या घराचा नाही, आपल्या साऱ्या शिक्षणाचा आहे. हाताने काम करणारा तो खालचा, हे आपण शाळेत शिकलो. एक वर्ष तरी त्याने विक्रीचा विचार करू नये. तीळ, जाई, दहा कुप्या, एक काटा आणि एक वही एवढ्यावर ते वर्ष काढावे. वर्षअखेर जे मिश्रण साधेल, त्याचा एक फाया त्याने आमच्या कचेरीत आणून द्यावा. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते आम्ही आधी वाचू आणि मग हुंगू.