सही आहे, संमती कुठे आहे?

बीड जिल्ह्यात 2019 साली झालेल्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. संमतीपत्रावर सही-अंगठा आहे, बाईनेच आग्रह धरला, आम्ही नाही म्हटलं तर ती दुसऱ्या दवाखान्यात जाते, असं डॉक्टर सांगतात. ते खोटं नाही. पण हा आग्रह येतो कुठून? नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीची एक जोडी. मजुरीची उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला की मुकादम दंड कापतो. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. अंगावरून जातं म्हणून गेलेल्या बाईला औषधोपचाराऐवजी कॅन्सरची भीती घातली, की ती पिशवी काढायलाच तयार होणार. पर्याय न सांगता घेतलेल्या सहीला कायद्यात कदाचित किंमत असेल, वैद्यकीय नीतीत नाही.

काहींना शस्त्रक्रिया खरोखरच लागते, हे मान्य. गर्भपिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातल्याने अशा बाईला उशीर होतो, हा आक्षेपही रास्त आहे. पण त्यावर उपाय अट काढणं नव्हे, परवानगी लवकर देणं हा आहे. शिवाय नुसता डॉक्टरांवर ठपका ठेवून साखर कारखाने मोकळे सुटतात (आणि त्यांना ते सोयीचंच आहे). 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. कागदावर नियम आले. पण बाईच्या आग्रहामागे खाड्याच्या दंडाची भीतीही आहे, म्हणून पाळीच्या दिवसांतला खाडा माफ करा, हे कारखान्यांना सरकारने आता ठणकावून सांगावं.