सिलिंडर जमवू नये, मोजून घ्यावा

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भातशेतीचे वेळापत्रक पाऊस ठरवितो. खाचरांची सपाटी, बांधांची डागडुजी व शेणखताची वाहतूक वैशाख-ज्येष्ठात उरकली नाही, तर मृगाच्या सरी कोसळल्यावर ती अंगावर पडते. या कामांचा बराच भार आता ट्रॅक्टरचा पलटी नांगर, पुढील पाते व उलटणारी ट्रॉली यांनी उचलला आहे. या अवजारांचे बळ तेलाच्या सिलिंडरात, म्हणजे शेतकरी ज्यास 'जॅक' म्हणतात त्यात असते. ऐन हंगामात तो गळू लागला, की मालकाची धावपळ सुरू होते.

पुष्कळदा जुना सिलिंडर नजरेने पाहून 'साधारण एवढाच' नवा आणला जातो. तो बसत नाही. मग कानास वेल्डिंग केले जाते, पिनेभोवती पत्रा गुंडाळला जातो आणि अवजार 'जमविले' जाते. यात मिस्त्रीस दोष देणे न्याय्य नव्हे. लाकडी नांगर जमविण्याची कला गावच्या सुताराजवळ पिढ्यान्‌पिढ्या होती. लाकूड तासता येते, पाचर ठोकता येते व थोडी चूक लाकूड सोसते. दाबाखालील तेल व पोलाद मात्र चूक सोसत नाहीत. नळीवर वेल्डिंग केल्यास उष्णतेने तिचे आतील भोक वाकडे होते व सील जळते. पिनेत ढिलाई राहिल्यास प्रत्येक झटक्यास भोक मोठे होते. दोन्ही कान एका रेषेत नसल्यास दांड्यावर बाजूने ताण येऊन तो वाकतो आणि नवे सीलही लवकरच गळू लागते.

यास्तव खरेदीपूर्वी काही मापे घेणे अगत्याचे आहे. दांडा पूर्ण आत असता एका पिनेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर, दांड्याची धाव, नळीचा आतील व दांड्याचा व्यास, पिनेची जाडी, कानाची रुंदी आणि नळीच्या तोंडाचे आटे, ही ती मापे होत. मिटलेले अंतर ५०० मिलिमीटर व धाव ३०० असेल, तर उघडलेले अंतर ८०० होते. त्याजागी ५५० अंतराचा व ३५० धावेचा सिलिंडर आणल्यास तो मिटलेल्या अवजारात शिरणार नाही. ओढूनताणून बसविलाच, तर धाव संपण्यापूर्वी अवजार सांगाड्यावर आदळेल. ट्रॉलीस बहुधा एका बाजूने तेल घेणारा सिलिंडर असतो, तर पलटी नांगरास दोन्ही बाजूंनी तेल घेणारा लागतो. ट्रॅक्टरवर त्याजोगी व्यवस्था आहे की नाही, हेही आधी पाहावे.

'मोठा जॅक बसविला म्हणजे जोर वाढेल' हा समज अर्धाच खरा आहे. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब धरल्यास ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर सुमारे २.९ टन, तर ६३ मिलिमीटरचा सुमारे ४.७ टन जोर देतो. परंतु त्यास दीडपटीहून अधिक तेल लागते व उचल मंदावते. शिवाय वाढलेला जोर ज्या कानांवर व सांगाड्यावर पडतो, ते त्या बेताने घडविलेले नसतात.

गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरते. शोधासाठी पुठ्ठा वापरावा. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याविना कोणीही जाऊ नये. सिलिंडरने धरलेले ओझे नळी फुटताच खाली येते, आणि तेथे झालेली चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

उपाय खर्चाचा नाही. अवजार नवे असतानाच त्याच्या सिलिंडरची मापे वहीत लिहून ठेवावीत. भाड्याने अवजारे देणाऱ्या मंडळांनी व संस्थांनी प्रत्येक अवजाराचे असे टिपण ठेवणे तर त्यांचे कर्तव्यच मानावे. तालुक्यातील होतकरू तरुणांस व्हर्नियरने माप घेण्याचे व सील बदलण्याचे शिक्षण मिळाल्यास कल्याण-भिवंडीच्या व्यर्थ खेपा वाचतील. काम संपल्यावर दांडा आत घेऊन अवजार आडोशास ठेवावे, म्हणजे कोकणच्या पावसात त्यास गंज चढणार नाही.

नजरेचा अंदाज बैल निवडताना उपयोगी पडतो. सिलिंडर निवडताना मापपट्टीच कामी येते. मापासाठी लागणारी घटका मृगापूर्वीचे कित्येक दिवस वाचविते, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे.